गॅरेजच्या भिंतीत गाडलेला एसीचा पाइप आणि दर उन्हाळ्यात उतरणारा गॅस

तक्रार नेहमी साधारण याच शब्दांत येते. “भाऊ, मागच्या साली तं पुरा गॅस भरला होता, मंग यंदा काहून थंडं नाही करून रायला?” मेकॅनिक येतो, गेज लावतो, गॅस भरतो, पैसे घेतो. पाऊस पडेपर्यंत काम भागतं. पुढच्या एप्रिलात पुन्हा तेच.

एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो, त्यामुळे कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर गेला. दर साली भरावा लागतो याचा अर्थ मागच्या साली कोणी भोक शोधलंच नाही. वर्धा, यवतमाळ, वणी, हिंगणघाट या भागात घराला लागून मागाहून बांधलेल्या गाडीखोलीच्या भिंतीतून पाइप नेला असेल, तर भोक कुठे सापडायची शक्यता जास्त आणि ते तिथेच पुन्हा पुन्हा का पडतं, ते इथे लिहितो.

पाइप लपवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. आपल्याकडे त्याला कारणं आहेत. उघड्या पाइपाचं काळं आवरण वांदरं सोलून काढतात. त्यांच्यापासून वाचलं तर दोन-तीन उन्हाळ्यांत उन्हानं त्याचा भुगा होतो. शेतावरच्या घरी कोणी नसलं की तांबं कापून नेणारे वेगळेच. गॅरेजच्या भिंतीत पाइप गाडला की हे तिन्ही त्रास मिटतात, खरं आहे. फक्त गिलावा चढल्यावर तो पाइप पुन्हा कोणाला दिसत नाही, आणि सगळी गोची तिथून सुरू होते.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: हिवाळाभर एसी लावलाच नाही, तरी गॅस उतरला कसा? आपल्याकडच्या स्प्लिट एसीत गॅसचा दाब पाडणारी केपिलरी (केसासारखी बारीक नळी) किंवा व्हॉल्व्ह बहुतेक बाहेरच्या युनिटमध्ये असतो. त्यामुळे एसी चालू असताना भिंतीतल्या दोन्ही पाइपांत कमी दाब असतो. आर-32 नावाचा गॅस असेल तर जाड पाइपावर साधारण 130 ते 150 पीएसआय (दाबाचं माप). एसी बंद केला की दाब सगळीकडे सारखा होतो आणि हवेच्या तापमानानुसार चढतो. मेच्या दुपारी बंद एसीच्या पाइपात तो 300 च्या आसपास किंवा त्याहून वर जातो. डिसेंबरच्या थंडीतही तो चालू एसीपेक्षा कमी नसतो. म्हणजे बारीक भोक असेल तर बंद एसीतून गळती जास्त. वापर कमी केल्यानं गॅस टिकत नाही.

भिंत फोडायच्या आधी

इथे घाई करू नका. गॅस गळतो म्हटलं की पहिला संशय भिंतीवर जातो आणि ग्राइंडर निघतो. पण गळतीच्या जागा तीन: आतलं युनिट, बाहेरचं युनिट आणि मधला पाइप. आतल्या युनिटची कॉइल गळणं काही दुर्मीळ नाही. पाइप दोन्ही टोकांना ज्या पितळी नटांनी जोडला आहे तिथली गळती तर त्याहून जास्त दिसते. आधी त्या चारही नटांना साबणाचा दाट फेस लावा आणि घाई न करता बघा. नटाभोवती तेलकट धूळ चिकटली असेल तर अर्धं उत्तर मिळालं, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं.

नट कोरडे निघाले तर मधला पाइप वेगळा करून तपासायचा. गॅस चांगला शिल्लक असेल तर पंप डाउन करून, म्हणजे कॉम्प्रेसरनंच ओढून घेऊन, तो बाहेरच्या युनिटमध्ये कोंडा. गॅस जवळपास संपला असेल किंवा आत हवा शिरल्याचा संशय असेल, तर पंप डाउन अजिबात नको. हवा आणि तेल कॉम्प्रेसरमध्ये एकत्र दाबले गेले की स्फोट होऊ शकतो. अशा वेळी उरलेला गॅस रिकव्हरी मशीननं काढून घ्यावा. आर-32 थोडा का होईना, पेट घेणारा आहे. त्यामुळे डिझेलचे कॅन ठेवलेल्या बंद गॅरेजात तो फुस्स करून सोडून देणं हा शहाणपणा नाही.

मग पाइप दोन्ही टोकांना सोडवा, एका टोकाला बूच मारा आणि दुसऱ्याकडून नायट्रोजन भरा. नायट्रोजनच. गावात वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनचा बाटला सहज मिळतो म्हणून तो लावणारे लोक मी पाहिले आहेत. पाइपात तेल असतं, तेलाला दाबाखालचा ऑक्सिजन भेटला की काय होतं ते बघायला आपण उरत नाही. दाब 400 पीएसआयपर्यंत पुरे, गेजचा काटा जिथे असेल तिथे मार्करनं खूण करा आणि रात्रभर सोडा.

सकाळी काटा खाली आलेला दिसतो आणि घरमालक म्हणतो, बघा, भिंतीतच आहे. थांबा. दुपारी 42 अंशांत भरलेला 400 चा दाब पहाटे 28 अंशांत, कुठेही गळती नसताना, आपोआप 380 च्या जवळ येतो. थंड झालेला वायू आकसतो, एवढंच. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवस-रात्रीचं अंतर एवढं असतं की हा हिशेब धरल्याशिवाय निकाल देताच येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, तेवढंच ऊन असताना काटा पुन्हा बघा. खुणेवर परत आला तर भिंतीतला पाइप धड आहे. मग ग्राइंडर ठेवून द्या आणि आतली कॉइल तपासा.

काटा परत आला नाही तर मात्र पाइप भिंतीतच फुटला आहे. गॅस शोधणारं यंत्र फिरवणार असाल तर एक ध्यानात ठेवा: भिंतीत सुटलेला गॅस वायरिंगच्या नळीतून वाट काढतो आणि स्विचबोर्डातून बाहेर येतो. यंत्र बोर्डापाशी वाजलं म्हणून बोर्डामागे खोदू नका.

भेग बघा, भोक सापडेल

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे आलेल्या अशा घरांत भिंतीतली गळती बहुतेक वेळा एकाच पट्ट्यात निघाली आहे: जुनं घर आणि नवं गॅरेज यांचा सांधा.

घर काळ्या मातीवर आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावरात पडणाऱ्या भेगा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तीच माती घराखाली आहे, हे बांधताना विसरायला होतं. घराचा पाया खोल जातो, त्याला प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीला काँक्रीटचा पट्टा, असतो. गॅरेज मागाहून होतं, “गाडीच तं ठेवायची आहे” म्हणून दोन-अडीच फूट खोदून वर मुरूम भरला की झालं. मग पावसाळ्यात गॅरेज थोडं उचललं जातं, उन्हाळ्यात थोडं बसतं, घर जिथल्या तिथे राहतं. दोघांच्या सांध्यावर उभी भेग पडते. दिवाळीत पुट्टी भरून रंग मारला तरी होळीपर्यंत ती पुन्हा दिसते.

तांब्याचा पाइप नेमका हीच भेग ओलांडून जातो, आणि सिमेंटात दोन्हीकडून घट्ट पकडलेला असतो. भिंती दर वर्षी त्याला थोडं इकडे, थोडं तिकडे वाकवतात. मऊ तांबं असं वारंवार वाकवलं की त्याच जागी कडक होत जातं आणि शेवटी केसाएवढी चीर पडते. मिस्तरीनं तिथेच पाइपाचे दोन तुकडे जोडले असतील तर त्याहून लवकर. भिंत फोडून चीर ब्रेझिंगनं (सळई वितळवून) भरली, पुन्हा सिमेंट थापलं, की पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत जोडाच्या बाजूला नवी चीर. दर वर्षी गॅस भरणं चुकत नाही ते यामुळे.

त्या मातीला पाणी कोण पाजतं, तेही बघा. गॅरेजच्या दारात गाडी धुतात, कूलरचं पाणी तिथेच सोडतात. आणि गंमत म्हणजे एसीचा निचऱ्याचा पाइपही अनेक घरांत गॅरेजच्या पायाशीच टपकत असतो. दमट दिवसांत दीड टनाचा एसी बादल्याच्या बादल्या पाणी काढतो. म्हणजे एसी स्वतःच्याच पाइपाखालची माती फुगवतो. ते पाणी लांब, झाडाच्या आळ्यात नेऊन सोडणं हा या लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पक्का उपाय असा. गाडलेला तुकडा भिंतीत तसाच सोडून द्यायचा, त्याच्या डागडुजीत पैसा घालायचा नाही. टोकापासून टोकापर्यंत एकसंध नवा पाइप टाकायचा, 0.8 मिलिमीटर जाडीचा. दीड टनाला बहुधा दोन सूत आणि चार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) असे दोन पाइप लागतात, पण माप कंपनीच्या माहितीपत्रकातूनच घ्या. घराच्या भिंतीतून बाहेर पडताना पाइप चार इंची पीव्हीसीच्या तुकड्यातून काढायचा, म्हणजे तो भिंतीला चिकटत नाही. सांध्यावर तो उघडा ठेवून मोठ्या गोलाईचा एक सैल बाक द्यायचा. त्यानंतर गॅरेजच्या आतल्या बाजूनं, भिंतीवरून, स्क्रूनं उघडणाऱ्या झाकणाच्या पेटीत न्यायचा. पेटी पत्र्याची करा किंवा प्लास्टिक केसिंगची, भिंतीचाच रंग मारला की चटकन लक्षात येत नाही. वांदरं आत येत नाहीत, ऊन लागत नाही, चोराला गॅरेजचं कुलूप तोडावं लागतं, आणि तुम्हाला हवं तेव्हा झाकण काढून बघता येतं. लपवणं आणि गाडणं यात मला एवढाच फरक करायचा आहे.

“पण भिंतीतच पाहिजे, पेटी घाण दिसते” असं म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा, असा बांधकामातला ठोकताळा आहे. नऊ इंची भिंतीत उभी झिरी तीन इंच आणि आडवी दीड इंच. चार सुताच्या पाइपावर 13 मिलिमीटरचं आवरण चढवलं की एकट्या त्याचाच व्यास दीड इंच भरतो. वर गिलावा कुठे राहिला? शेवटी मिस्तरी एक तर भिंत पोखरतो, नाही तर आवरण सोलून पाइप बसवतो. चार इंची भिंतीचा तर विचारच नको. उभी झिरी नऊ इंची भिंतीत, एकसंध पाइप, एकही जोड आत नाही आणि भिंतींचा सांधा ओलांडायचा नाही, एवढं जमत असेल तर गाडा. गाडण्याआधी नायट्रोजन भरून बघा, मोजायची टेप लावून फोटो काढून ठेवा. पुढे कोणी त्याच जागी कॅलेंडरसाठी ड्रिल मारतोच.

भिंतीपलीकडे गोठा असेल तर

सगळ्या चिरा मातीच्या नसतात. काही घरांत पितळी नट लांबीच्या दिशेनं सरळ उकललेला सापडतो. पाना जास्त आवळला असं म्हणून नवा नट लावतात आणि तोही उकलतो. अशा वेळी भिंतीपलीकडे काय आहे ते विचारा. बहुतेक गोठा निघतो, किंवा गॅरेजातच कोपऱ्यात ओल लागलेल्या युरियाच्या थैल्या.

जनावरांच्या मुतातून आणि ओलसर युरियातून अमोनिया सुटतो. ताणाखाली असलेल्या पितळेला आणि तांब्याला अमोनिया आणि ओलावा एकत्र मिळाले की धातू तडकतो. ही गोष्ट इंग्रजांच्या फौजेला हिंदुस्थानातच कळली होती: पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण 1921 साली शास्त्रज्ञांनी नीट मांडलं. आपल्या गोठ्यात आज तेच घडतं आहे, फक्त काडतुसाच्या जागी एसीचा नट आहे.

खताच्या थैल्या दुसरीकडे हलवा, हे पहिलं. नट फोर्जिंगचे (ठोकून घडवलेले) घ्या, स्वस्तातले नकोत, आणि टॉर्क पान्यानं (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या) आवळा: दोन सुताला 14 ते 18 न्यूटन मीटर, चार सुताला 50 ते 60. अंगात जोर आहे म्हणून लावायचा नसतो. जोड गोठ्याच्या बाजूला येऊ देऊ नका. बाहेरचं युनिटही गोठ्याच्या भिंतीला टांगू नका.

स्वस्त किटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे पाइप येतात. भिंतीत ते कधीच नकोत. बाकी त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

गॅस ठीक, पण भिंत ओली

हा दुसरा आजार, आणि तो पहिल्याच्या नावावर खपतो. एसी बसवला मेमध्ये, भिंत ठणठणीत. ऑगस्टमध्ये गॅरेजच्या भिंतीवर पाइपाच्या रेषेत ओलीचा पट्टा, मग पोपडे, मग लोणा. मिस्तरी म्हणतो पाण्याची लाइन फुटली, प्लंबर म्हणतो एसीवाल्याचं काम आहे.

चालू एसीचे पाइप आठ-दहा अंशांपर्यंत गार असतात. मेमधल्या कोरड्या हवेत त्यांना घाम फुटायला वाफच नसते. पावसाळ्यात हवा 28 अंशांची आणि ओलावा 85 टक्के असला की 25 अंशांखालच्या कुठल्याही गोष्टीवर पाणी जमतं. म्हणून मेमध्ये घेतलेली चाचणी जुलैत कामाची नाही. शेजारच्या खोलीत वाळ्याचा कूलर चालत असेल तर हा घाम मेमध्येही दिसू शकतो, कारण कूलर घरातली हवा दमट करतो.

घाम येतो तिथे आवरणात खोट असते. बारीक पाइपात गरम द्रव असतो, त्याला आवरण लागत नाही, असं जुने लोक सांगतात. केपिलरी आतल्या युनिटमध्ये असती तर ते बरोबर होतं. ती बाहेर आहे, म्हणून बारीक पाइपही गारच असतो. दोन्ही पाइपांना वेगवेगळं नायट्राइल रबराचं आवरण हवं, निदान 13 मिलिमीटरचं. दोघांना एकाच नळीत कोंबून वरून टेप गुंडाळू नये. तुकडे जिथे मिळतात तिथे सोल्यूशननं चिकटवा. दोन तुकड्यांत बोटभर फट राहिली तरी पाणी तिथूनच सुरू होतं, आणि आवरणाच्या आत साचलेलं पाणी तांबंही खातं. सोयाबीन, तूर घरात आली की गॅरेजात थैल्यांमागे उंदीर येतात आणि आवरण कुरतडतात. पेटीची दोन्ही तोंडं जाळीनं बंद करायची ती त्यासाठी.

ओल घामाची की निचऱ्याची, हे ओळखणं सोपं आहे. एसी बंद ठेवून आतल्या युनिटच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी हळूहळू ओता. बाहेर तेवढंच पडलं आणि भिंत कोरडी राहिली तर निचरा ठीक आहे. भिंतीवर डाग उमटला तर निचऱ्याचा पाइप भिंतीत सुटला किंवा तुंबला आहे. तुंबण्याचं नेहमीचं कारण शेवाळ, आणि गावाकडे त्याहून नेहमीचं म्हणजे कुंभारीण माशी. ती पाइपाच्या उघड्या तोंडात मातीचं घर करते. तोंडाला बारीक जाळी बांधा आणि पाइपाला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार द्या. एसी आठवडाभर बंद ठेवूनही ओल तशीच असेल तर ती पावसाची किंवा पायातून चढणारी. तिथे एसीवाल्याला बोलावून फायदा नाही.

बाहेरचं युनिट चोरीच्या भीतीनं गॅरेजच्या आतच बसवणाऱ्यांना एवढंच सांगतो: शटर बंद असताना ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. 45 अंशांच्या दुपारी एसी ट्रिप होत राहतो आणि गॅस कमी आहे असं वाटतं. तिथे गॅस भरला तर उलट बिघडतं. युनिट बाहेर, लोखंडी पिंजऱ्यात ठेवा, पिंजऱ्याला कुलूप लावा, पुढची बाजू मोकळी सोडा.

दुरुस्तीनंतर गॅस भरताना

पाइप जोडला की व्हॅक्यूम पंप लावून 500 मायक्रॉनपर्यंत (आत किती हवा उरली याचं माप) ओढायचं आणि पंप बंद करून काटा टिकतो का ते बघायचं. “गॅस सोडून हवा काढून टाकतो” म्हणणाऱ्याला हात जोडून परत पाठवा. गॅस गेजवर अंदाजानं भरू नका, वजनकाट्यावर भरा. किती ग्रॅम ते बाहेरच्या युनिटच्या पाटीवर छापलेलं असतं. किती मीटर पाइपापर्यंत ते पुरतं आणि पुढे मीटरमागे किती वाढवायचं, हे माहितीपत्रकात असतं. समजा वाढीव मीटरला 20 ग्रॅम लिहिलं आहे आणि नवा पाइप चार मीटर जास्त आहे, तर 80 ग्रॅम जादा.

हे आकडे बाहेरच्या युनिटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करनं लिहून ठेवा: तारीख, पाइपाची लांबी, भरलेले ग्रॅम, नायट्रोजनचा दाब आणि त्या वेळचं तापमान. पुढच्या साली दुसरा कोणी मेकॅनिक आला आणि थेट गॅसचा बाटला उतरवायला लागला, तर आधी झाकण उघडून दाखवता येईल.